मधुरा दाणी या नावाची परिचारिका नाही

इंग्लंडच्या परिचारिका परिषदेचे पत्र उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या पोतनिसांच्या घरी आले, तेव्हा ते फोडण्याचा मान घरच्या शिरस्त्याप्रमाणे भय्यासाहेबांकडे गेला. पत्र सुनेचे होते. परंतु घरात येणारा कोणताही लिफाफा आधी सासऱ्यांच्या हाती जाई आणि मग ज्याचा त्याला मिळे. त्यांनी पत्र एकदा मनात वाचले, एकदा मोठ्याने वाचले, चष्मा काढला आणि दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिले.

"यात म्हटलंय की, मधुरा दाणी या नावाची परिचारिका मध्य प्रदेशच्या नोंदीत नाही. आता नाही आणि पूर्वीही नव्हती."

सून सरकारी इस्पितळातून सकाळची ड्यूटी आटोपून नुकतीच आली होती. पांढऱ्या साडीच्या निऱ्यासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या. तिने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

"खरं आहे. नव्हतीच."

"मग तू कोण आहेस?"

"तेच त्यांना नीट कळवायचं राहून गेलं, असं दिसतंय."

हा घोटाळा कोणी मुद्दाम केलेला नव्हता. परिषदेने विचारले ते योग्य होते, भोपाळच्या नोंदणी कार्यालयाने उत्तर दिले तेही खरे होते. घोटाळा समजण्यासाठी मात्र या बाईचे दोन जन्म क्रमाने सांगितले पाहिजेत.

पहिला जन्म रेल्वेचे गार्ड गणेश दाणी यांच्या घरी झाला आणि बारशाला नाव ठेवले गेले सुलोचना. दाणी मंडळी नोकरीच्या निमित्ताने भुसावळहून उज्जैनला आलेली. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. हायर सेकंडरीनंतर सुलोचनेने नर्सिंगला जायचे ठरवले, तेव्हा रेल्वे कॉलनीतल्या मराठी घरांतून अण्णांची समजूत काढायला माणसे आली. मुलीला मास्तरीण करा, बँकेत चिकटवा, पण परक्या माणसांचे मलमूत्र काढायला पाठवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. अण्णा घाबरले. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "घरच्यांचं काढलं तर पुण्य आणि परक्यांचं काढलं तर बट्टा, हे कुठे लिहिलंय? मला पान दाखवा, मी जात नाही." पान कोणाला दाखवता आले नाही. तिने इंदूरला जाऊन साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला आणि भोपाळच्या नोंदवहीत नाव चढले: सुलोचना गणेश दाणी.

दुसरा जन्म एकोणीसशे पंच्याऐंशी साली झाला. पोतनिसांच्या घरातल्या थोरल्या काकी, म्हणजे भय्यासाहेबांच्या दिवंगत भावाच्या पत्नी, विषमज्वराने इस्पितळात पडल्या होत्या. वॉर्डातली ही मराठी नर्स त्यांना दमदाटी करून पेज पाजी. काकींवर आजवर कोणी दमदाटी केली नव्हती. त्यांना ती मुलगी फार आवडली. बऱ्या होऊन घरी आल्यावर त्यांनी भय्यासाहेबांच्या मुलासाठी फर्मावले, "आल्हादला हीच बायको करायची." पोतनीस हे जुने घराणे. पूर्वज शिंद्यांच्या दरबारी खजिन्याची लेखणी चालवीत, आणि वंशजांच्या बोलण्यात ती लेखणी अजून चालू होती. नर्स सून हा भय्यासाहेबांना मोठाच घास होता. पण घरात काकींपेक्षा वडील कोणी नव्हते आणि आल्हाद तर मुलगी पाहून आला तो हसतच आला. भय्यासाहेबांनी घास गिळला.

अडचण एवढीच उरली की काकींचे नावही सुलोचनाच होते. घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे नाव घेऊन उठल्याबसल्या हाका मारायच्या, ही कल्पना कोणालाच मानवेना. म्हणून गृहप्रवेशाच्या संध्याकाळी ताटात तांदूळ पसरले गेले, आल्हादने सोन्याच्या अंगठीने त्यावर नाव रेखले, आणि बायकांनी वाकून मोठ्याने वाचले: मधुरा. साखर वाटली गेली. नव्या नवरीने हळूच विचारले, "आणि इस्पितळात?" कोणीतरी म्हणाले, "तिथे काय, तिथे सगळ्या सिस्टरच." यावर सगळ्या हसल्या आणि प्रश्न निकाली निघाला.

पुढची बारा वर्षे तो निकालीच राहिला. रेशनकार्डावर, मतदारयादीत, पुढे पासपोर्टवर ती मधुरा आल्हाद पोतनीस झाली. पगाराच्या हजेरीपटावर ती सुलोचना दाणीच राहिली. मूलबाळ झाले नाही. त्यावर जे बोलायचे ते पोतनिसांच्या घरात बोलून संपले होते. मग देशात नवे वारे वाहू लागले. ज्या कापडगिरणीत आल्हाद सूतखात्यात सुपरवायझर होता ती बंद पडली, आणि त्याने फ्रीगंजातच एस.टी.डी.-आय.एस.डी.चा बूथ टाकला. काचेच्या खोक्यात बसून तो लोकांची दूरदेशची बोलणी ऐके. मुंबईच्या एका एजन्सीने इंग्लंडच्या इस्पितळांसाठी नर्सेस हव्यात अशी जाहिरात दिली, तेव्हा "जाऊन तर बघ" असे आधी तोच म्हणाला. मुलाखत झाली, एका मोठ्या इस्पितळात जागा ठरली. राहिली होती ती तिकडच्या परिषदेची नोंदणी. त्या नोंदणीशिवाय तिकडे रोग्याला हात लावता येत नाही.

परिषदेच्या अर्जात नावाचे रकाने होते. इंग्रज बाईचे लग्नानंतर आडनाव बदलते, म्हणून त्यांनी फक्त माहेरचे आडनाव विचारले होते. सुलोचनेने पासपोर्ट समोर ठेवून प्रामाणिकपणे भरले. नाव: मधुरा. माहेरचे आडनाव: दाणी. परिषदेने दोन्ही जोडून भोपाळला विचारले, आणि भोपाळने नोंदवही चाळून कळवले की अशी कोणी नाही. लग्नाआधी होती ती सुलोचना दाणी. लग्नानंतर झाली ती मधुरा पोतनीस. मधुरा दाणी नावाची बाई या पृथ्वीवर एक दिवसही जगलेली नव्हती. तिच्याबरोबर मुलाखत दिलेल्या केरळच्या मुलींना ही अडचण आलीच नाही. बाप्तिस्म्याला मिळालेले नाव त्या थेट इंग्लंडपर्यंत घेऊन गेल्या.

नवराबायको कोठीवरच्या, म्हणजे कोर्टकचेरीजवळच्या, दुबे वकिलांकडे गेली. वकील मिस्किल होते.

"नाम कब बदला?"

"शादी के दिन."

"और प्रमाण?"

"चावल पर लिखा था जी," आल्हाद म्हणाला. "अंगूठी से."

"तो वो चावल कहाँ हैं?"

"उसकी खीर बन गई," सुलोचना म्हणाली. "क्यों, आपके यहाँ सबूत की खीर नहीं बनती?"

दुबेजी खुर्ची मागे झुकवून हसले. "बहनजी, यहाँ तो रोज़ बनती है." मग त्यांनी एक शपथपत्र टाइप करवून दिले, की सुलोचना दाणी एवं मधुरा पोतनीस एक ही महिला के दो नाम हैं. ते इंग्लंडला गेले. तिकडून सभ्य भाषेत उत्तर आले: स्वतःविषयी स्वतःच घेतलेल्या शपथेला ते सरकारी पुरावा धरत नाहीत. डिप्लोमा आणि पासपोर्ट यांवरची बाई एकाच नावाची असावी. ज्या इस्पितळाने जागा दिली होती त्याने दिवाळीपर्यंत वाट पाहण्याचे कबूल केले. त्यानंतर ती जागा दुसरीला जाणार होती.

दुबेजींच्या मते यावर दोन मार्ग होते. पहिला सोपा. राजपत्रात जाहीर करायचे की सुलोचना आता मधुरा पोतनीस झाली आहे. मग भोपाळची नोंद बदलेल आणि नव्या नावाचे प्रमाणपत्र मिळेल. दुसरा उलटा. पासपोर्ट पुन्हा सुलोचना दाणी या नावाचा करून घ्यायचा.

"दूसरा मत कीजिए," दुबेजी म्हणाले. "पुराने नाम पर वो औरतें लौटती हैं जिनका तलाक हो गया हो. बाबू सौ सवाल पूछेगा. पति की सहमति माँगेगा, घर के किसी बड़े का शपथपत्र माँगेगा. दिवाली निकल जाएगी."

"पहला करें तो डिप्लोमा किसका होगा?"

"आपका ही. मधुरा पोतनीस का."

तिने पिशवीतून डिप्लोमा काढून उलगडला. वॉर्डातले दिवस तिच्या डोळ्यांपुढून गेले. इंदूरच्या हॉस्टेलवर मेट्रन हाक मारायची, "सिस्टर दाणी!" पहिले प्रेत तिने ज्या हातांनी धुतले, त्या हातांनाही तेव्हा तेच नाव होते.

"नहीं," ती म्हणाली. "पढ़ाई सुलोचना ने की. मधुरा को मैं आयता... वो क्या कहते हैं... बना-बनाया डिप्लोमा क्यों दूँ? उसने तो एक इंजेक्शन भी सीखा नहीं."

"पर मधुरा आप ही तो हैं!"

"घर में हूँ. किसी ने पूछा नहीं था, रख दिया. अब परदेसवाले पूछ रहे हैं कि तू कौन, तो मैं झूठा नाम बताऊँ?"

रस्त्यात स्कूटरवर आल्हाद म्हणाला, "मी काय म्हणून राहिलो, सोपा रस्ता असताना उलटा कशाला धरायचा?"

"सोपा तुम्हाला. मला त्यात माझीच अर्थी उचलायची आहे."

आल्हादने स्कूटर पुढे दामटली. गिअर मात्र दोनदा चुकला.

दुसऱ्या दिवशी ती नानाखेड्याला वडिलांकडे गेली. निवृत्तीनंतर अण्णांनी तिथल्या नव्या कॉलनीत दोन खोल्या बांधल्या होत्या. जन्माचा दाखला शोधायला लागताच अण्णांचा चेहरा उतरला.

"सुलू, भांडण झालंय का?"

"नाही."

"मग नाव परत कशाला आणतेस? दिलेली वस्तू परत मागू नये, बेटा."

"अण्णा, तुम्ही मुलगी दिलीत. नाव देतो असं कुठे बोलला होतात?"

अण्णांनी पुष्कळ आठवून पाहिले. "तसं बोलणं झालं नव्हतं," ते शेवटी नियमाने वागणाऱ्या माणसाच्या स्वरात म्हणाले, आणि ट्रंकेच्या तळातून दाखला काढून दिला. देताना मात्र त्यांचा हात थोडा रेंगाळला. "सांभाळून गं. पोतनीस मोठी माणसं आहेत."

खरी लढाई घरी झाली. दिवाणखान्यात भय्यासाहेब झोपाळ्यावर, काकी खालच्या पाटावर सुपारी कातरत, आल्हाद खांबाला टेकून. सुलोचनेने उभ्यानेच सांगितले: पासपोर्ट माहेरच्या नावाने होणार, नवऱ्याचे एक आणि घरातल्या वडील माणसाचे एक अशी दोन शपथपत्रे हवीत, म्हणजे बाबूला पुढे विचारायला काही उरणार नाही.

भय्यासाहेब शांतपणे म्हणाले, "मी देणार नाही."

"का, ते कळेल का?"

"पोतनिसांची सून विलायतेत दाणी म्हणून मिरवणार? लोक विचारतील, घरातून काढली की काय. तुला नोकरीला जायला कोणी अडवलं नाही. परदेशी जायलाही नाही. मग ही एवढी एक परवानगी दिली नाही तर..."

"भय्यासाहेब, मी परवानगी मागितली नाही. साक्ष मागितली. तुम्ही मला ओळखता की नाही, एवढंच लिहायचं आहे."

झोपाळा थांबला. आजवर या घरात त्यांना कोणी शब्दाचा अर्थ समजावून दिला नव्हता.

"आणि मोठ्या वहिनींचा तरी मान ठेव," त्यांनी काकींकडे बोट केले. "या घरात सुलोचना एकच. त्या समोर बसल्या आहेत. त्यांच्यासाठी तर तुझं नाव बदललं."

काकींचा अडकित्ता थांबला.

"मला कशाला मध्ये घालतोस, भय्या? ते नाव माझं नव्हेच."

"म्हणजे?"

"मी कुसुम. धारच्या वैद्यांची कुसुम. तू तेव्हा लहान होतास, लंगोट लावून अंगणात हिंडत होतास. तुमच्याकडे धुणंवाली होती, तिचं नाव कुसुम. तुझी आई म्हणाली, धुणंवालीला हाक मारली की सून धावत येईल, शोभणार नाही. केली सुलोचना. धुणंवालीचं तसंच ठेवलं. ती रुसून गेली असती तर कपडे कोण धुणार?"

आल्हादला हसू आवरेना; पण वडिलांकडे पाहून त्याने ते खांबाच्या आड नेले. सुलोचना मात्र खाली बसली. बारा वर्षे तिला वाटत आले होते की या म्हातारीने आपले नाव अडवून धरले आहे. पायात रुतलेल्या काट्यासारखा तो राग तिने कोणाला दाखवला नव्हता. तो राग आता कोणावर ठेवावा हेच तिला कळेना.

"काकी, तुम्ही कधी सांगितलं नाही."

"कोणी विचारलं? माझे 'हे' गेले, तेव्हा दहाव्याला भटजींनी पत्नीचं नाव विचारलं. माझ्या तोंडून कुसुम गेलं. भय्याच म्हणाला, वहिनींचं डोकं ठिकाणावर नाही." काकींनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. "मला आता काय करायचंय? त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. हिला पाहिजे तर घेऊ दे. हिच्या कामाचं आहे."

"घरात दोन सुलोचना होतील, वहिनी!"

"होऊ देत. हाक मारलीस तर दोघीही यायच्या नाहीत, एवढंच ना?" मग त्या सुनेकडे वळल्या. "वकिलाला घरी बोलाव. वडील माणूस मी आहे. अंगठा नाही, सही करीन. लिहिता येतं मला."

भय्यासाहेब झोपाळ्यावरून उठले आणि आत गेले. त्यांनी दार आपटले नाही. ते त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. पण त्या दिवसापासून त्यांनी सुनेला कोणत्याच नावाने हाक मारली नाही.

राहिला आल्हाद. दोन दिवस तो बूथवरून उशिरा येई आणि पेपरात तोंड घाली. तिसऱ्या दिवशी तिने बूथवरच डबा नेला आणि काचेचे दार लावून घेतले.

"सही करायची नसेल तर तसं सांगा."

"तसं नाही गं. लोक विचारतील, ही दाणी तर मग मी कोण?"

"तुम्ही आल्हाद पोतनीस. होतात, आहात, मरेपर्यंत राहाल. तुमचं कोणी बदललंय का? मी एक दिवस तरी म्हटलं, तुम्ही दाणी व्हा?"

बाहेर एक गिऱ्हाईक काचेवर टकटक करत होते. आल्हादने त्याला हाताने थांबवले.

"त्या संध्याकाळी ते नाव मीच शोधलं होतं," तो खाली पाहून म्हणाला. "महिनाभर विचार करून. मला वाटलं होतं तुला आवडेल."

"नाव चांगलं आहे. मला कधी वाईट वाटलं नाही. तुम्ही घरात बोलवा की, जन्मभर बोलवा. पण ते हाकेचं नाव आहे. त्यावर माझं शिक्षण चढवू नका."

आल्हादने डबा बाजूला सारला आणि त्याच दुपारी कोठीवर जाऊन सही केली.

मग हिंदी दैनिकात जाहीर सूचना छापून आली, की मधुरा पोतनीस आता सुलोचना दाणी या नावाने ओळखली जाईल. पुढचे आठ दिवस पोतनिसांच्या घरी माणसांची रीघ लागली. शेजारच्या अग्रवालबाई पदर डोळ्याला लावूनच आल्या. "इतना अच्छा घर था, बेटा. क्या कमी रह गई?" सुलोचनेने त्यांना पोहे वाढले आणि म्हणाली, "नमक की कमी रह गई हो तो बताइए." इस्पितळातल्या एका कंपाउंडरने तर आल्हादला दुसरे स्थळ सुचवले.

देवासहून नणंद जयू पहिल्या बसने आली, उज्जैनच्या देवास गेट स्टँडवर उतरली, आणि पिशवी खाली न ठेवताच दारातून ओरडली, "वहिनी, हे काय चालून राहिलंय? दादाला सोडून चाललीस म्हणे!"

"आधी पाणी पी."

"पेपरात आलंय!"

"पेपरात माझं नाव आलंय. तुझ्या दादाला सोडल्याचं कोणत्या ओळीत आहे, ते वाचून दाखव."

जयूने पिशवीतून पेपर काढून खरोखरच वाचला. दोनदा वाचला. मग पायरीवर बसली.

"एवढ्यासाठी एवढा तमाशा? सगळ्यांचीच नावं बदलतात. मला नाही का तिकडे अमृता केलं? मी केला का गोंधळ?"

"तू काय केलंस?"

"काय करणार? पहिलं वर्षभर हाक मारली तरी माझ्या ध्यानातच यायचं नाही. सासूबाईंना वाटलं, मुलगी बहिरी दिली. इंदूरला नेऊन कान तपासून आणले माझे."

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

"कान उत्तम आहेत म्हणाले." जयूला स्वतःचेच हसू आले आणि हसता हसता ते विझले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पण वहिनी, तू दाणी लावलंस तर मी तुला वहिनी म्हणायचं की नाही?"

"म्हणशील नाही तर काय करशील? ऊठ, भाजी चिरू लाग."

भोपाळच्या पासपोर्ट कचेरीतल्या बाबूने शंभर नाही तरी पुष्कळ प्रश्न विचारले. तलाक़ नाही, तर नाव का. नाव हवे, तर नवरा कसा. ती दर वेळी भोपाळची गाडी पकडे, उभी राही, आणि एकच उत्तर देई: "मैं जिस नाम से पढ़ी हूँ, उसी नाम से जाऊँगी." पासपोर्ट मिळाला तो तुळशीचे लग्न झाल्यावर. दिवाळी उलटून गेली होती. मोठ्या इस्पितळातली जागा दुसरीला गेली, असे एजन्सीने कळवले.

त्या दिवशी भय्यासाहेब जेवताना ताटाकडे पाहून म्हणाले, "सोपा मार्ग धरला असता तर आज तिकडे असती."

"तिकडे मधुरा असती," सुलोचना म्हणाली. "मी इथेच राहिले असते." आणि त्यांना आमटी वाढली.

तिला वाईट वाटले नाही असे नाही. तिने मोरीत नळ सोडून तोंड धुतले आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वॉर्डात होती, आणि परिषदेकडे नवा अर्ज गेला होता, पहिल्या अक्षरापासून नवा. परिषदेने भोपाळला पुन्हा विचारले. भोपाळने नोंदवही चाळली आणि उत्तर दिले, की सुलोचना गणेश दाणी ही परिचारिका नोंदीत आहे. रंगपंचमीच्या सुमारास तिच्या नावाचा लिफाफा आला. भय्यासाहेबांनी तो हातात घेतला, वरचे नाव वाचले आणि न फोडता टेबलावर ठेवला. "यावरचं नाव या घरातलं नाही," ते म्हणाले. त्यांच्या मनात तो टोमणा होता. पण त्यामुळे तेरा वर्षांत पहिल्यांदा तिला आपले पत्र आपल्या हाताने फोडायला मिळाले.

काही महिने तिकडच्या नर्सच्या देखरेखीखाली काम करावे, ते समाधानकारक झाल्यास नोंदणी मिळेल, असा परिषदेचा निर्णय होता. एजन्सीने या वेळी उत्तरेकडच्या एका लहान गावातले इस्पितळ दिले. म्हाताऱ्यांचा वॉर्ड, जिथे जायला कोणी फारसे तयार नसे. ती तयार होती. निघताना तिने सगळ्यांना नमस्कार केला. भय्यासाहेबांनी "यशस्वी हो, सूनबाई" असा आशीर्वाद दिला. त्यात दोन्ही नावे चतुराईने टाळली होती. आल्हादने बूथचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिला, जणू तो तिला पाठ नव्हता. बूथ चांगला चालला आणि व्हिसा मिळाला, की तोही जाणार होता.

पहिल्या दिवशी तिथल्या वॉर्डच्या मुख्य बाईंनी तिचे कागद पाहिले. डिप्लोमा, पासपोर्ट, परिषदेचे पत्र. सगळीकडे एकच बाई. त्या गोऱ्या, धिप्पाड आणि मनाने भल्या होत्या. त्यांनी नाव वाचण्याचा प्रयत्न केला, अर्ध्यावर सोडला आणि हसून म्हणाल्या, "फार लांब आहे, बाई. आमच्या म्हाताऱ्यांना जमायचं नाही. आपण तुला स्यू म्हणू. बिल्ला आधीच करून ठेवला आहे." खरोखरच टेबलावर एक बिल्ला होता आणि त्यावर 'स्यू' एवढेच छापलेले होते.

सुलोचनेने बिल्ला उचलला, पाहिला आणि परत जागेवर ठेवला. तिचे इंग्रजी सावकाश आणि ठाम होते.

"सुलोचना," ती म्हणाली. "चार अक्षरं आहेत. तुमच्या औषधांच्या कपाटात याहून लांब नावाच्या बाटल्या मी आताच पाहिल्या. त्या तुम्ही रोज न चुकता वाचता."

मुख्य बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. नोकरीचा पहिला दिवस होता, नोंदणी अजून यायची होती, आणि शेरा याच बाईंनी लिहायचा होता. हे सुलोचनेला ठाऊक होते. ती तशीच उभी राहिली.

"पुन्हा सांग," बाई म्हणाल्या.

"सु-लो-च-ना."

"सु-लो-का-ना."

"च. चहाचा च."

"चहा," बाईंनी मान हलवली. "आमचे म्हातारेही त्याला 'चा'च म्हणतात. तो आम्हाला म्हणता येतो." मग त्यांनी 'स्यू'चा बिल्ला खणात टाकला आणि कोऱ्या बिल्ल्यावर शाईने लिहायला घेतले, एकेक अक्षर तिला विचारून. एखादे अक्षर चुकले तर ती दुरुस्त करी, आणि बाई खोडून पुन्हा लिहीत. तो बिल्ला खाडाखोडीचा झाला. तिने तोच छातीवर लावला आणि वॉर्डात गेली.